फिल्टरचं विरजण

मी जिथे काम करतो त्या प्रयोगशाळेत काचेवर नॅनोमीटर जाडीचे थर चढवतात. त्याआधी काच धुवावी लागते, आणि त्यासाठी नळाचं पाणी चालत नाही. त्यातले क्षार, वायू, सेंद्रिय कचरा आणि जंतू असं सगळं काढत काढत त्याचा विशिष्ट रोध १८.२ मेगाओम-सेंटीमीटरपर्यंत नेतात. त्यापुढे जाता येत नाही, कारण मग पाण्यात पाण्याशिवाय काही उरतच नाही. गेली काही वर्षं मी रोज असलं पाणी वापरतोय. त्यामुळे 'शुद्ध पाणी म्हणजे काय' हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

हा समज लेकीच्या सहाव्या वाढदिवसाला घेतलेल्या आठ गप्पी माशांनी मोडीत काढला.

तर झालं असं. साठ सेंटीमीटर लांबीची, ५४ लिटरची काचेची टाकी आणली. खाली वाळू, चार वनस्पती, एक छोटा फिल्टर. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे पाणी दोन दिवस 'मुरू' दिलं आणि मासे सोडले. आठव्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मी म्हटलं, घाण झाली, साफ करू. फिल्टरचा स्पंज काढला, कढत पाण्याखाली धरला आणि ब्रशने घासून असा लख्ख केला की साबणाच्या जाहिरातीत शोभावा. पाणीही जवळजवळ सगळं बदललं. टाकी काचेसारखी स्वच्छ दिसायला लागली. मी स्वतःवर खूश.

तिसऱ्या दिवशी सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करत होते. संध्याकाळपर्यंत तीन गेले. दुसऱ्या दिवशी आणखी तीन.

लेक रडली नाही, तेच जास्त लागलं. टाकीला नाक लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, पाणी तर स्वच्छ दिसतंय. मग ते मेले कशाने?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आधी वाटलं, उपकरण कमी पडलं. त्या रात्री मी पाणी शुद्धीकरणाची यंत्रं बघत बसलो. उलट परासरण म्हणजे आपलं आरओ, अतिनील दिवा, सक्रिय कोळसा, आयन बदलणाऱ्या राळेचे डबे, आणि मोठे बाहेर बसवायचे फिल्टर. सगळं जोडून बेरीज केली तर आकडा पाचशे युरोंच्या पुढे. आठ माशांसाठी! त्यातले सहा तर आता नव्हतेही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा राहायचे. जन्म इथलाच, सगळं आयुष्य येनात, पूर्व जर्मनीचा काळ पुरता बघितलेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर मत्स्यटाक्या होत्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा लेकीनेच त्यांना बातमी सांगितली. आजोबा वर आले, टाकी बघितली, फिल्टर उघडला, आणि माझा लख्ख स्पंज दोन बोटांत धरून म्हणाले, "हेर डॉक्टर, मासे नंतर मेले. आधी तुम्ही याला मारलंत."

मग खाली जाऊन त्यांनी आपल्या फिल्टरच्या पट्टीचा कात्रीने एक तुकडा कापला आणि टाकीतल्याच पाण्यासकट पिशवीत घालून आणून दिला. तपकिरी, बुळबुळीत, तळ्याच्या काठासारखा वास येणारा. "तासाभरात आत घाला, वाळू देऊ नका, आणि नळाखाली धरायचं नाही!" एवढं बजावून गेले.

मी ती पिशवी हातात धरून उभा. स्वच्छ खोलीत पांढरा डगला घालून काम करणारा माणूस, घरातल्या पाण्यात दुसऱ्याच्या घरची घाण कशी घालेल? कुठले जंतू असतील, कुठला रोग असेल... बायको म्हणाली, "आपण शेजारून विरजण मागून आणतो तेव्हा प्रयोगशाळेचा दाखला मागतो का?" आणि तिने तो तुकडा टाकीत टाकला.

विरजण! त्या एका शब्दाने मला दिशा मिळाली. पुढचे काही आठवडे मी रात्री जागून एकच गोष्ट शोधत होतो. घाणीने पाणी स्वच्छ होतं, हे माणसाला केव्हा आणि कसं कळलं? सापडलं ते सांगतो. बराचसा इतिहास आमच्या या गावाच्या आसपासच फिरतो.

घरात काचेच्या टाकीत मासे ठेवायची हौस तशी अलीकडची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली. लंडनमध्ये अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी १८४६ च्या सुमारास समुद्रातले प्रवाळासारखे जीव घरी जगवले. पाणी ताजं राहावं म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसायची. जगातला पहिला एअर पंप म्हणजे ही बाई. तिचं नाव कुणी नोंदवलेलं दिसत नाही.

त्यानंतर आला रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ. लंडनच्या औषधविक्यांच्या संघात तो काम करायचा. १८४९ मध्ये त्याने बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कर्बवायू देतील, हिशेब जुळेल. पण वनस्पतीची जुनी पानं कुजायला लागली आणि पाणी नासलं. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि भांडं सावरलं. वनस्पती, मासा आणि गोगलगाय असा हा तोल १८५० मध्ये त्याने केमिकल सोसायटीपुढे मांडला. लोकांना वाटलं, सृष्टीचं गुपित बाटलीत सापडलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं.

जर्मनीत ही हौस पोचवली एमिल आडोल्फ रोसमेस्लरने. येनाहून आगगाडीने तास-दीड तासावर असलेल्या लाइपझिगचा हा माणूस. १८४८ च्या क्रांतीनंतर फ्रँकफुर्टच्या संसदेत बसला म्हणून याची प्राध्यापकी गेली. मग याने सामान्य माणसाला निसर्ग शिकवायचं व्रत घेतलं. १८५६ मध्ये 'गार्टेनलाउबं' या खूप खपाच्या साप्ताहिकात याने काचेतल्या तळ्याविषयी लेख लिहिला, पुढच्याच वर्षी गोड्या पाण्याच्या मत्स्यटाकीवर पुस्तक काढलं. तळं पाहायला ज्याला गावाबाहेर जाता येत नाही त्या कामकऱ्याच्याही खिडकीत तळं असावं, असा त्याचा ध्यास. म्हणजे 'परवडणारी' मत्स्यटाकी हा विचार या हौसेत पहिल्यापासूनच होता.

आता येनाकडे येऊ. हे गाव एका दरीत वसलंय. नदीचं नाव मराठीत लिहायची पंचाईत आहे. 'साले' लिहावं तर शिवी होते, 'झाले' लिहावं तर क्रियापद! दोन्ही बाजूंचे पांढरे कडे चुनखडीचे, सुमारे चोवीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातल्या शंखशिंपल्यांचे. या गावात १८६१ पासून एर्न्स्ट हेकेल प्राणिशास्त्र शिकवत होता. नंतरच्या आयुष्यात मानववंशांची उतरंड लावण्याचं जे काम त्याने केलं ते आज वाचवत नाही, हेही सांगायला हवं. पण १८६६ मध्ये याच गावात बसून त्याने 'इकोलॉजी' हा शब्द घडवला. ग्रीक 'ओइकोस' म्हणजे घर, त्या घराचं शास्त्र. १८८१ मध्ये सिलोनला जाताना हा हेकेल आठवडाभर मुंबईत मुक्कामाला होता. आपल्या मुंबईत येनाचा माणूस तेव्हाच येऊन गेला होता म्हणायचा!

हेकेलच्या हाताखाली तयार झालेला आन्टोन डोर्न १८६८ मध्ये येना विद्यापीठात शिकवायला लागला. त्याच वर्षी हिवाळ्यात तो सिसिलीतल्या मेसिनाला समुद्रजीव अभ्यासायला गेला. बरोबर हलवता येण्याजोगी एक मत्स्यटाकी होती. जीव जगवायचे तर समुद्रकाठी कायमची जागा हवी, हे त्याच्या मनाने तिथे घेतलं, आणि १८७३ मध्ये त्याने नेपल्सचं प्राणिशास्त्रीय केंद्र उघडलं. खाली तिकीट लावून मत्स्यालय आणि वर संशोधकांच्या खोल्या. भिंगांचं गणित मांडणारा येनाचा एर्न्स्ट आबे हा डोर्नचा जिवलग मित्र, त्यामुळे झाइसची नवी सूक्ष्मदर्शकं नेपल्समध्ये वापरून पारखली जात.

मत्स्यालयासाठी डोर्नने सल्ला घेतला तो विल्यम आल्फर्ड लॉइडचा. हांबुर्ग आणि लंडनची मत्स्यालयं यानेच बांधली होती. लॉइडची युक्ती अशी की दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली एक मोठा अंधारा हौद ठेवायचा आणि पाणी पंपाने सतत वर-खाली फिरवत राहायचं. पाणी महिनोन्‌महिने टिकायचं. लॉइडला वाटे, हवा मिसळते म्हणून टिकतं. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं त्या अंधाऱ्या हौदाच्या भिंतींवर वाढत होतं, आणि ते त्यालाही माहीत नव्हतं.

ते काय होतं? त्यासाठी माशांना थोडं बाजूला ठेवून माणसांच्या पाण्याकडे, आणि सांडपाण्याकडेही, वळावं लागतं.

१८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्झ या दोघा फ्रेंचांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या एका लांब नळीतून सांडपाणी थेंबथेंब सोडलं. पहिले वीसेक दिवस जसं आत गेलं तसं बाहेर आलं. अमोनिया आत, अमोनिया बाहेर. मग अचानक अमोनिया नाहीसा होऊन त्याजागी नायट्रेट यायला लागलं. ही नुसती रासायनिक क्रिया असती तर पहिल्या दिवसापासून झाली असती. वीस दिवस वाट कशाला बघेल? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर क्रिया थांबली. म्हणजे नळीत कोणीतरी जिवंत होतं!

हे वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो. माझ्या आठ माशांची गोष्ट या नळीत होती. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाद्य कुजून तेच देतं. अमोनिया विषारी, आणि आमच्यासारख्या चुनखडीच्या, किंचित अल्कधर्मी पाण्यात तर जास्तच. जंतूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो. तेही विष, रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घालवतं. म्हणून तर मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, जे मासे बऱ्यापैकी सोसतात आणि वनस्पती खातात. हे दोन्ही गट स्वस्थ बसून राहायला जागा मागतात. वाळूचा कण, दगड, स्पंजची भोकं. नव्या टाकीत त्यांचं बस्तान बसायला तीन-चार आठवडे लागतात. माझ्या टाकीत ते जेमतेम बसायला लागले होते, तर मी त्यांना कढत पाण्याने आंघोळ घातली. आणि या सगळ्यात पाणी दिसायला कसं? नितळ! अमोनियाला रंग नाही, नायट्राइटला रंग नाही. लेकीच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

आता यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. फ्रेंचांचा हा प्रयोग वाचून इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती केंद्रात एकाने त्याचा पिच्छा पुरवला. क्रिया अंधारात चांगली चालते हे त्याने दाखवलं. (लॉइडचा अंधारा हौद आठवा.) ती दोन टप्प्यांत होते आणि दोन टप्प्यांचे कारागीर वेगळे, हेही त्यानेच पुढे आणलं. त्याचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. नाव ओळखीचं वाटतंय ना? मासा-वनस्पती-गोगलगाय मांडणाऱ्या त्या वॉरिंग्टनचा हा मुलगा! बापाने भांडं मांडलं तेव्हा हा दहा-अकरा वर्षांचा होता. ते भांडं चाललं ते खरं कोणामुळे, हे बापाला कळलं नाही. गोगलगायीला श्रेय देऊन तो १८६७ मध्ये गेला. न दिसणारे कामगार मुलाने शोधले, पण त्यालाही ते वेगळे काढून दाखवता आले नाहीत. जंतू वाढवायची तेव्हाची रीत म्हणजे त्यांना जिलेटिनसारखं पौष्टिक अन्न द्यायचं. या जंतूंना ते नकोच होतं. त्यांना निव्वळ अमोनिया आणि कर्बवायू पुरतो. हे ओळखून १८९० च्या सुमारास त्यांना वेगळं काढलं ते झुरिकमध्ये काम करणाऱ्या सर्गेई विनोग्रादस्कीने.

त्याच सुमारास जर्मनीत या 'न दिसणाऱ्यांची' दुसरी बाजू एका शहराला फार महागात पडली. १८९२ च्या ऑगस्टमध्ये हांबुर्गला कॉलरा आला. शहर एल्ब नदीचं पाणी न गाळता नळाने पुरवायचं. वाळूच्या गाळण्या बांधायची चर्चा कितीतरी वर्षं चालली होती, खर्चावर अडत होती. शेजारचं आल्टोना तेव्हा वेगळं गाव. ते एल्बमधूनच, तेही हांबुर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे हांबुर्गचं सांडपाणी मिसळलेलं पाणी घ्यायचं. पण वाळूतून गाळून. हांबुर्गमध्ये काही आठवड्यांत सुमारे ८,६०० माणसं मेली. आल्टोना बहुतांशी वाचलं. दोन्ही गावांच्या हद्दीवरच्या रस्त्यात एका बाजूला साथ आणि समोरच्या बाजूला नाही, असं चित्र होतं.

रॉबर्ट कॉखला बोलावलं गेलं. हाच कॉलऱ्याचे जंतू शोधायला १८८३ मध्ये कलकत्त्याला गेला होता आणि तिथल्या एका तलावात त्याला ते सापडले होते. जंतू बघायला त्याच्याकडे होती ती येनाचीच, झाइस आणि आबेंची भिंगं. १८९३ मध्ये त्याने वाळूच्या गाळण्यांवर निबंध लिहिला. त्यातला मुद्दा असा की पाणी नुसती वाळू गाळत नाही. वाळूच्या वर जो चिकट थर साचतो तो गाळतो. म्हणून पाणी सावकाश सोडा, ताशी दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही, आणि थर फुटू देऊ नका. वाळू खरवडून नवी केली की सुरुवातीचं पाणी लोकांना पाजू नका.

या थराला जर्मनमध्ये 'श्मुत्सडेकं' म्हणतात. श्मुत्स म्हणजे घाण, डेकं म्हणजे पांघरूण. घाणीची गोधडी! पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर जगभर हाच शब्द वापरतात. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने १९७० च्या दशकात खेड्यांसाठी अशा संथ वाळूच्या गाळण्यांवर काम केलं, तेव्हा त्यांनाही या गोधडीचा विचार करावा लागलाच असणार. वीज नको, रसायन नको. वाळू, वेळ आणि ही गोधडी.

जंतू मारणारा कॉख हे सांगतो की घाणीचं पांघरूण जपा, यात मला मोठी गंमत वाटते. पण तो विसंगत बोलत नव्हता. काही जंतू माणसं मारतात आणि काही जंतू पाणी राखतात. प्रश्न 'जंतू हवेत की नकोत' हा नव्हताच.

आता परत माझ्या पाचशे युरोंच्या यादीकडे येतो. हे सगळं वाचल्यावर ती यादी पुन्हा घेऊन बसलो आणि प्रत्येक उपकरणाला एकच प्रश्न विचारला. तू अमोनियाचं काय करतोस?

अतिनील दिवा पाण्यात तरंगणारे जंतू आणि शेवाळ मारतो. रोगराईत उपयोगी, अमोनियाला निरुपयोगी. सक्रिय कोळसा रंग, वास आणि औषधाचे अंश शोषतो. अमोनिया जवळजवळ नाही, आणि काही आठवड्यांत तो भरून जातो. आरओ सगळंच काढतं, पण माशाने उद्या सोडलेला अमोनिया आज काढता येत नाही. शिवाय घरगुती आरओ एक लिटर पाण्यासाठी तीन-चार लिटर मोरीत सोडतं, आणि त्या पाण्यात परत क्षार घालावे लागतात. नुसत्या शुद्ध पाण्यात मासा जगत नाही, आमच्या प्रयोगशाळेतल्या पाण्यात तर नाहीच.

पण मुळात आरओ हवं कशाला? आमचं पाणी जड म्हणून. घरातल्या पट्टीने १६ जर्मन अंशांच्या वरचा रंग दाखवला. एक अंश म्हणजे लिटरमागे दहा मिलिग्रॅम चुना, आणि चौदाच्या वर गेलं की कायद्याने ते 'जड' पाणी. अ‍ॅमेझॉनच्या मऊ पाण्यातले निऑन टेट्रा वाढवायचे असते तर खर्च करावा लागला असता. गप्पीला मात्र जड पाणीच मानवतं. मूळचा व्हेनेझुएला-त्रिनिदादकडचा हा मासा, १८५९ मध्ये बर्लिनच्या पेटर्सने वर्णिलेला, आणि आपल्याकडे महापालिकेचे लोक डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात तो हाच. जो मासा आपल्या नळाच्या पाण्यात सुखी आहे तो निवडणं, हे पाणी शुद्धीकरणाचं सर्वांत स्वस्त तंत्र. त्याला यंत्र लागत नाही, हट्ट सोडावा लागतो.

उरली जंतूंना राहायची जागा. इथेही येना आडवं आलंच! काचेची पूड तापवून सच्छिद्र चकती करायची, तिच्यातून रसायनं गाळायची, ही प्रयोगशाळेतली गाळणी शॉटच्या येनातल्या कारखान्याने १९२० च्या दशकात बाजारात आणली. १९४५ च्या जूनमध्ये रशियन फौजा यायच्या आधी अमेरिकनांनी शॉटची ४१ माणसं ट्रकांत घालून पश्चिमेला नेली, आणि त्यातून १९५२ मध्ये माइन्झचा कारखाना उभा राहिला. त्या पश्चिमेच्या शॉटने पुढे सच्छिद्र काचेच्या कड्या काढल्या, सिपोरॅक्स नावाच्या, खास मत्स्यटाकीतल्या जंतूंना राहायला. काचेवर काम करणाऱ्या माणसाला मोह व्हावा असं घर. पण दोन माशांना एवढा बंगला कशाला?

आजोबांचा उपाय साधा होता. टाकीच्या कोपऱ्यात फोमची जाड पट्टी वाकवून उभी करायची. मागच्या पोकळीत एक नळी, तिच्यात एअर पंपाने बुडबुडे सोडायचे. बुडबुडे वर जाताना पाणी घेऊन जातात, त्याजागी नवं पाणी पट्टीतून आत येतं. बस्स. जर्मनीत या पद्धतीला 'हांबुर्गची चटई' म्हणतात. ज्या शहराने गाळणीचा खर्च वाचवला आणि हजारो माणसं घालवली, त्याच शहराचं नाव आज सर्वांत स्वस्त गाळणीला आहे.

मी इंजिनिअर, हिशेब केल्याशिवाय चैन पडेना. तासाला टाकीतलं पाणी दोनदा फिरवायचं म्हणजे १०८ लिटर. पट्टी २५ गुणिले ३० सेंटीमीटर. पाण्याचा वेग मिनिटाला अडीच सेंटीमीटरच्या आत. कॉखच्या वाळूपेक्षा चौदा-पंधरा पट जास्त, पण इथे जंतू अडवायचे नाहीत, पोसायचे आहेत, त्यामुळे चालतं. पंप चार वॉटचा, वर्षाला ३५ युनिट, म्हणजे साधारण बारा युरोंची वीज. फोम, नळी, पंप मिळून पंचवीस युरोही लागले नाहीत. नायट्राइट मोजायच्या थेंबांची बाटली वेगळी घेतली, आणि माझ्या मते पैसे खर्चायचेच तर आधी तिच्यावर खर्चावेत. कारण डोळ्यांना दिसत नाही ते तीच सांगते.

पूर्व जर्मनीत बाजारात काही मिळायचं नाही, म्हणून हे सगळं घरी करायची सवय, असं आजोबा सांगत. त्यांच्याकडे 'आक्वारियेन टेरारियेन' मासिकाचे जुने गठ्ठे होते. प्रकाशक उरानिया, पत्त्यात लाइपझिग, येना आणि बर्लिन. मी माझी फ्रेंच नळीची आणि दोन वॉरिंग्टनांची गोष्ट त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितली. ऐकून घेतली आणि म्हणाले, "छान. पण त्या फिल्टरला हात लावू नका."

त्यांचा तो तुकडा नव्या पट्टीला टेकवून ठेवला. रोज पाव टाकी पाणी बदललं. तेराव्या दिवशी नायट्राइटच्या थेंबाने गुलाबी रंग दाखवला नाही. उरलेले दोन्ही मासे वाचले. त्यातली एक मादी होती, आणि गप्पी म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. सहा महिन्यांत मासे वाटायची वेळ आली.

विज्ञानाने हे दार अजून पुरतं बंद केलेलं नाही. नायट्राइट खाणारे म्हणून पुस्तकांत शंभर वर्षं नायट्रोबॅक्टरचं नाव होतं. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तर तिथे काम करताना दिसले ते नायट्रोस्पिरा. आणि २०१५ मध्ये कळलं की काही नायट्रोस्पिरा दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात. तो शोध लागला त्यांतला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलाच होता. धाकट्या वॉरिंग्टनने दोन कारागीर सांगितले होते. दोन्ही कामं येणारा तिसराही तिथेच बसलेला होता.

आई फोनवर हे सगळं ऐकून म्हणाली, "आपल्या गावच्या विहिरीत कासव होतं ते विसरलास का?" विसरलो नव्हतो. पण ते कासव पाणी राखतं ही म्हाताऱ्यांची समजूत आहे असं मी बारावीत असताना मोठ्या ऐटीत तिला सांगितलं होतं. कासवाबद्दल आजही पैज लावणार नाही. ते विहिरीच्या शेवाळलेल्या दगडांचं काम असावं. पण ते दगड घासून काढू नयेत, एवढं त्या म्हाताऱ्यांना कळत होतं.

आजोबा गेल्या वर्षी मुलीकडे, दुसऱ्या गावी राहायला गेले. जिने चढणं होईना. टाक्या वाटून टाकल्या. मागच्या महिन्यात लेकीच्या वर्गातल्या मैत्रिणीने नवी टाकी घेतली. लेकीने कात्री मागितली, आमच्या पट्टीचा एक तुकडा कापला, टाकीतल्याच पाण्यासकट पिशवीत घातला. मैत्रिणीच्या वडिलांनी पिशवी उजेडात धरली आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव आला जो मला चांगला ओळखीचा आहे.

लेक म्हणाली, "तासाभरात घाला. आणि नळाखाली धरायचं नाही!"